हिरण्यकेशी कुठल्या विषयात येते?

(गडहिंग्लज येथे दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी विषय कळवला तो असा : 'शाश्वत विकास आणि विद्यापीठांची आंतरविद्याशाखीय भूमिका'. पत्र वाचून आम्ही दोन दिवस जरा दबकूनच होतो. एवढे मोठे शब्द उचलायचे वय आता राहिले नाही. म्हणून विषय लहान करून घेतला आहे. आज आम्ही एका पेपरावर बोलणार आहोत. तुमच्यापैकी जे चाळिशीच्या आतले आहेत आणि ज्यांनी पदवी घेतली आहे, त्यांनी बहुतेक हा पेपर दिलेला आहे. मग ते कलाशाखेचे असोत, वाणिज्यचे असोत की विज्ञानाचे. नाव 'पर्यावरण अभ्यास'. त्यात आपण काय लिहिले होते हे ज्यांना आठवते त्यांनी हात वर करावा.

दोन हात. त्यातले एक सर आहेत. (हशा)

हसण्यासारखे आहे खरे. पण हा पेपर आम्ही स्वतः नऊ वर्षे शिकवला आहे, तपासला आहे, त्याचे गुण भरून पाठवले आहेत. तेव्हा आज जी टीका करू ती बाहेर उभे राहून केलेली नाही, एवढे आधी सांगून ठेवतो.

आधी थोडा इतिहास. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असला पाहिजे. बारा वर्षे त्याचे फारसे काही झाले नाही. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान धरला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या पदवी वर्गांना लागू झाला. हेतू उत्तम होता. जगात कुठेही एवढ्या मोठ्या संख्येने मुलांना हा विषय एकदम शिकवायचे ठरले असेल असे आम्हाला वाटत नाही.

तो अभ्यासक्रम आम्हाला अजून पाठ आहे. आठ घटक, पन्नास तास. पहिला घटक : पर्यावरण अभ्यासाचे बहुविद्याशाखीय स्वरूप. त्याला तास किती? दोन. त्यातच व्याख्या, व्याप्ती, महत्त्व आणि जनजागृतीची गरजही उरकायची. नैसर्गिक संसाधनांना आठ तास, परिसंस्थांना सहा, जैवविविधतेला आठ, प्रदूषणाला आठ. सहावा घटक 'सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण', त्याला सात तास. या सात तासांत काय काय बसवले आहे पाहा : टिकाऊ विकास, शहरांची ऊर्जा, पाणलोट, विस्थापितांचे पुनर्वसन, हवामानबदल, पडीक जमीन, चंगळवाद, पर्यावरणाचे पाच कायदे आणि या सगळ्यांच्या मध्ये एक ओळ, पर्यावरणीय नीतिशास्त्र : प्रश्न आणि संभाव्य उपाय. आमची सारी हयात नीतिशास्त्रात गेली. सॉक्रेटिसापासून आजवर ज्याचा निकाल लागला नाही त्याचे 'संभाव्य उपाय' आम्ही पाऊण तासात देत होतो, आणि पुढच्या तासाला ओझोनचा थर घेत होतो.

शेवटचा, आठवा घटक म्हणजे क्षेत्रभेट. तिला पाच तास. शंभरापैकी पंचवीस गुण. आपल्या भागातली नदी, डोंगर, कुरण किंवा एखादी प्रदूषित जागा पाहायची आणि नोंदवायची. खरे म्हणजे संपूर्ण अभ्यासक्रमात ही एकच गोष्ट अशी होती जी दिल्लीला ठरवता येत नव्हती. ती गडहिंग्लजमध्येच ठरली असती. तीच आम्ही सगळ्यात हलकी धरली.

या अभ्यासक्रमासाठी आयोगाने पुस्तक लिहून घेतले ते डॉ. इराक भरुचा यांच्याकडून. मूळचे शल्यचिकित्सक, आयुष्यभर जंगलांत हिंडलेले. पुस्तक चांगले आहे. ते मुलांना बाहेर काढू पाहते. पण आमच्या मुलांच्या हातात ते क्वचितच आले. हातात आले ते गाइड. साठ-सत्तर पानांचे, प्रश्नोत्तरांचे. त्यात शाश्वत विकासाची व्याख्या चौकटीत छापलेली असे : आजच्या पिढीच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा येऊ न देणारा विकास. ही ब्रुंटलांड आयोगाच्या १९८७ च्या अहवालातली व्याख्या. पण त्या अहवालात लगेच पुढे असे म्हटले आहे की 'गरजा' म्हणजे मुख्यतः गरिबांच्या गरजा, आणि त्यांना सर्वांत आधी स्थान द्यायचे. चौकटीत हा भाग नव्हता. दोन गुणांच्या उत्तराला तो लागत नव्हता.

आता 'शाश्वत' या शब्दाबद्दल एक तक्रार. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही चैन करू द्या. आपल्या परंपरेत शाश्वत म्हणजे जे कधी बदलत नाही, संपत नाही ते. आत्म्याला शाश्वत म्हटले गेले, पिकाला कुणी म्हटले नाही. बुद्धाने तर शाश्वतवाद आणि उच्छेदवाद ही दोन्ही टोके नाकारली : सगळे कायम टिकते हेही खोटे, आणि सगळे पुरते नष्ट होते हेही खोटे. आपण इंग्रजीतल्या शब्दासाठी नेमके त्यातले पहिले टोक उचलले. मूळ शब्दात कायमपणापेक्षा आधार आहे, धरून ठेवणे आहे. आपला शेतकरी ज्याला पेलणे किंवा निभणे म्हणतो ते. 'या जमिनीला एवढं पेलणार नाही', 'एवढ्या पाण्यात निभतंय' ही वाक्ये इथे रोज ऐकू येतात. त्यांत मर्यादा आहे, हिशेब आहे, आणि कोण पेलणार, कुणाचे निभणार हा प्रश्न आहे. 'शाश्वत' म्हटले की हिशेब सुटतो. म्हणून तो शब्द शासनाच्या फलकावर शोभून दिसतो. शब्द बदला असा आमचा हट्ट नाही, आता तो रुळला आहे. पण वर्गात तो शब्द आला की लगेच विचारावे : कुणाला पेलते आहे?

दुसरा शब्द आंतरविद्याशाखीय. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी असा घेतला जातो की चार विभागांचे चार प्राध्यापक एका चर्चासत्रात चार निबंध वाचतात आणि जेवण एकत्र करतात. याला फार तर बहुविद्याशाखीय म्हणता येईल. तीन वाटा शेजारशेजारून गेल्या म्हणून तिठा होत नाही, त्या कुठेतरी भेटाव्या लागतात.

इथे हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टान्त सांगायची पद्धत आहे. आपल्या भागातल्या जैन मंडळींना तो अनेकान्ताच्या संदर्भात चांगला ठाऊक आहे. एकाला पाय खांबासारखा लागतो, एकाला कान सुपासारखा. प्रत्येकाचे थोडे थोडे खरे, ते जोडले की हत्ती. पण आजरा-चंदगडच्या लोकांना हत्ती दृष्टान्तातला माहीत नाही, उसातला माहीत आहे. गेल्या वीसेक वर्षांत कर्नाटकाकडून हत्ती या बाजूला येऊ लागले आणि भात, ऊस, केळी तुडवून जाऊ लागले. आता प्राणिशास्त्राला विचारा, ते हत्तींच्या वाटा तुटल्याचे सांगेल. अर्थशास्त्र भरपाईचा दर काढेल. कायदा १९७२ चा वन्यजीव अधिनियम दाखवेल. शेतीशास्त्र म्हणेल, जंगलाला लागून ऊस लावलात म्हणजे हत्तीला ताटच वाढलेत. चारही खरी. चारही जोडून त्या शेतकऱ्याच्या हातात ठेवा, आज रात्री त्याने काय करायचे हे त्याला त्यातून कळत नाही. दृष्टान्तात हत्ती उभा असतो. इथला हत्ती चालतो, आणि ज्याच्या शेतातून चालतो तो माणूस त्या आंधळ्यांच्या मंडळात घेतलेलाच नसतो. आमचे म्हणणे एवढेच की त्या माणसाला मंडळात घेतल्याशिवाय आंतरविद्याशाखीय प्रश्न जन्मालाच येत नाही.

हे आम्हाला कुठे कळले ते सांगतो.

आम्ही तत्त्वज्ञानाचे. बी. ए. च्या शेवटच्या वर्गाला आमच्याकडे चार मुले. कधी तीन. तेव्हा ज्याचा वर्कलोड कमी त्याला पर्यावरण, असा साधा हिशेब होता. या जिल्ह्यातलेच एक महाविद्यालय, नाव कशाला घ्या, बहुतेक ठिकाणी हेच चालले होते. एका वर्गात सव्वाशे मुले. आम्ही पाणीप्रदूषणावर बोलत होतो. ऊस पाणी किती पितो, जमिनी कशा चोपण होतात, उपसाबंदी का करावी लागते, हे सगळे सांगून झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, ऊस नको म्हणतायसा. मग लावायचं काय?"

वर्ग हसला. आम्हीही हसून वेळ मारून नेली. पण घरी जाताना तो प्रश्न बरोबर आला. सव्वाशेपैकी बहुतेकांची फी उसाच्या बिलातून आलेली. आमच्या गल्लीतली निम्मी घरे त्यातूनच उभी राहिलेली. तो मुलगा चेष्टा करत नव्हता. सोयाबीन, भुईमूग, मिरची, ज्याचा भाव सांगा त्याची खात्री नाही. गडहिंग्लजच्या बाजारात मिरची घेऊन आलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत दर कळत नाही. उसाला मात्र केंद्राने ठरवलेला किमान दर आहे, तोडून नेणारी टोळी आहे, माल उचलणारा कारखाना आहे, आणि तुटल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. नियम किती पाळला जातो ही वेगळी गोष्ट. पण इतर कुठल्या पिकाला तेवढाही नियम नाही. पाऊस जास्त झाला तरी ऊस तग धरतो. मुले पुण्या-मुंबईला गेलेली असली तरी म्हातारा-म्हातारी तो सांभाळू शकतात. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने जो ऊस अविचार वाटतो, तोच घराच्या दृष्टीने शहाणपणा ठरतो.

आता सांगा, 'मग लावायचं काय?' हा प्रश्न कुठल्या विभागाचा? पाण्याचे मोजमाप भूगोल करील, भावाचे गणित अर्थशास्त्र, जमिनीची क्षारता रसायनशास्त्र. पण 'एका कुटुंबाला किती पाणी पुरे' हा प्रश्न मोजमापाचा नाही. 'आहे' पासून 'असावे' आपोआप निघत नाही, हे आम्ही ह्यूमच्या नावाने तीस वर्षे शिकवले. तेच इथे समोर उभे राहिले आणि आम्हाला ओळखू आले नाही. 'असावे' ठरवायला माणसे एकत्र बसावी लागतात, ज्यांचे पाणी जाणार तीही आणि ज्यांना मिळणार तीही. आमच्या पन्नास तासांत त्या बसण्याला एकही तास नव्हता.

आता नदीकडे या. हिरण्यकेशी आंबोलीला उगवते. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आजऱ्यातून खाली येत ती गडहिंग्लजला पोचते, तेव्हा पाऊस हजाराच्या आतबाहेर आलेला असतो. पुढे संकेश्वरवरून जाऊन घटप्रभेला मिळते. उगमाजवळच्या महादेवाच्या कुंडात २०२० साली माशाची एक नवी जात नोंदली गेली, तिला नदीचेच नाव मिळाले, आणि पुढच्या वर्षी शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. फार चांगले झाले. पण त्याच नदीवर खाली कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांना बरगे घातले जातात, पाणी अडते, दोन्ही काठांचे पंप चालू होतात. एप्रिलमध्ये त्या साचलेल्या पाण्याला कसा वास येतो ते काठावरच्यांना विचारा.

गंमत बघा. उगमाकडची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली. मधली शिवाजी विद्यापीठाला. खालची बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाला. नदी एक, विद्यापीठे तीन, राज्ये दोन. प्रत्येक ठिकाणी पर्यावरण सक्तीचे. पण ही नदी उगमापासून संगमापर्यंत कुणीतरी सलग समजून घ्यावी अशी अपेक्षा तिन्हींच्या पेपरांत नाही. गंगा शुद्धीकरण मात्र तिन्हीकडच्या मुलांना पाठ.

या नदीच्या दोन टोकांवर आम्हाला एकाच घरातली दोन माणसे दिसतात. धनंजयराव गाडगीळ आणि माधव गाडगीळ, वडील आणि मुलगा. धनंजयरावांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली, तिचा अहवाल १९४८ साली निघाला. कालव्याचा फायदा म्हणजे नुसती पाणीपट्टी नव्हे. रोजगार, बाजार, वाहतूक, सगळे त्यात धरावे लागते, हे त्यांनी घरोघरच्या माहितीवरून मांडले. आणि अहवाल लिहून ते थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेला सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांनी घेतले. अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांच्या सभेत बसला, त्यांच्या प्रश्नांना बांधील झाला. आज आपल्या भागातला प्रत्येक सहकारी कारखाना त्या वाटेवरचा आहे.

मुलगा परिसरशास्त्रज्ञ झाला. २०१० मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ गट नेमला गेला, २०११ मध्ये अहवाल आला. तो सरकारने लगेच प्रसिद्ध केला नाही. माहितीच्या अधिकाराखाली झगडून २०१२ मध्ये तो बाहेर काढावा लागला. त्यात घाट संवेदनशीलतेप्रमाणे वेगवेगळ्या पट्ट्यांत मांडला आहे. आपल्याकडे एवढेच पोचले. पण त्याच अहवालात हेही आहे की या मर्यादा आणि नियम शेवटी ग्रामसभांशी बोलून, त्यांच्या मताने ठरावेत. आपल्या घाटतालुक्यांत मात्र बातमी पोचली ती अशी की आता घरावर कौले घालायलाही परवानगी लागणार. अहवाल इंग्रजीत, अफवा मराठीत. मधल्या जागेत विद्यापीठाने, महाविद्यालयांनी असायला हवे होते. आमच्या पेपरात तेव्हा जैवविविधतेचा घटक चालू होता, आणि आम्ही मुलांना जैवविविधतेची संवेदनक्षेत्रे पाठ करायला लावत होतो. त्यात पश्चिम घाट हे नाव होते. घाट खिडकीतून दिसत होता.

आमची खरी तक्रार इथे आहे. वडील आमच्या अभ्यासक्रमात सहकाराच्या पेपरात येतात आणि मुलगा पर्यावरणाच्या. वडिलांच्या वाटेने खाली ऊस उभा राहिला. त्याला लागणारे पाणी मुलाने मोजलेल्या डोंगरांतून येते. एकाच प्रश्नाच्या या दोन पिढ्या आहेत. त्यांना एका तासाला एकत्र बसवणारा वर्ग आम्ही पाहिला नाही, आणि स्वतःही घेतला नाही.

कुठेच काही झाले नाही असे नाही. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. तिथली मुले गावात काही आठवडे राहून पाणी, चूल, रस्ता असे प्रश्न घेऊन काम करतात. त्यातूनच पुढे राज्यातली इतर महाविद्यालये जोडण्यासाठी 'उन्नत महाराष्ट्र अभियान' आले. आणि इतके लांब कशाला? आपल्या आजरा तालुक्यात उचंगी धरणाच्या वेळी चाफवडे, जेऊरच्या लोकांनी नुसते 'धरण नको' म्हटले नाही. श्रमिक मुक्ती दलाच्या साथीने आणि बाहेरच्या जाणकारांची मदत घेऊन त्यांनी आपली जमीन, आपले पाणी स्वतः अभ्यासले आणि एका मोठ्या बुडिताऐवजी लहान साठ्यांचा पर्याय पुढे ठेवला. तो कितपत स्वीकारला गेला हा राजकारणाचा भाग झाला. पण अभियंता, भूगोलाचा जाणकार आणि शिवाराची नस माहीत असलेला शेतकरी एकाच नकाशावर वाकले होते. आम्ही याला आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतो. ते विद्यापीठाच्या बाहेर झाले.

आता आक्षेप. आमचे एक जुने सहकारी, रसायनशास्त्राचे, नेहमी म्हणत : "तुमचं आंतरविद्याशाखीय म्हणजे कुठलंच काही धड न येणं." या म्हणण्यात आम्ही त्यांच्या बाजूला आहोत. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असेल तर तो नीटच मोजला पाहिजे; तिथे कळकळ उपयोगाची नाही. नमुना कुठल्या वेळी घेतला, बाटलीत हवा राहिली का, हे ज्याला कळत नाही त्याच्या आकड्यावर कारखान्याचा वकील पाच मिनिटांत पाणी सोडील. आपापला विषय पक्का असलेली माणसेच एकमेकांना उपयोगी पडतात. आम्हाला विषय मोडायचे नाहीत. विषयाने दिवसातून एकदा तरी खिडकी उघडावी, एवढेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. सव्वाशे मुले, एक शिक्षक, तोही पुष्कळदा तासिका तत्त्वावरचा. दर तासाप्रमाणे मानधन, तेही सहा-सहा महिने थकलेले. त्याला नदीवर जा म्हणून सांगायला आपल्याला तोंड आहे का? नाही. म्हणून टीकेचा रोख त्याच्यावर नाही. ज्या व्यवस्थेने हा विषय सगळ्यांचा म्हटला आणि मग तो कुणाचाच ठेवला नाही, तिच्यावर आहे. आता नव्या धोरणात पर्यावरणाला मूल्यशिक्षणाच्या गटात जागा मिळाली आहे, क्रेडिट मिळाले आहेत. क्रेडिटला मराठीत श्रेयांक म्हणतात. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय वेगळे केले होते. आपण श्रेयाला अंक लावला. (हशा) असो. २०२३ च्या आयोगाच्या नव्या आराखड्यातही क्षेत्रकार्यावर भर आहे. भर कागदावर आमच्या वेळीही होता.

शेवटी एक वही सांगायची आहे. तिच्यासाठीच खरे तर आम्ही आज इथे यायला तयार झालो.

क्षेत्रभेटीच्या वह्या तपासत होतो. तीनशे वह्या. बहुतेक एकीवरून दुसरी उतरवलेली. राधानगरी अभयारण्य, तेच चित्र, तोच निष्कर्ष, 'झाडे लावा झाडे जगवा'. सगळ्यांना वीस-वीस गुण दिले. त्यात नदीकाठच्या एका गावच्या मुलीची वही होती. तिने आजीला विचारून लिहिले होते की पूर्वी या डोहात मरळ मिळायची, वाम मिळायची, आता कुठली मिळते आणि कुठली नाही. जानेवारी ते एप्रिल दर रविवारी पाण्याचा रंग आणि वास लिहिला होता. वास कशाचा हे तिने ठरवले नव्हते. वरून काही सुटते की अडलेले पाणीच कुजते, हे आपल्याला सांगता येत नाही असे सरळ लिहिले होते. आणि निष्कर्षाच्या जागी दोन ओळी : निष्कर्ष लिहिता येत नाही. पाणी कुणाला विचारून अडवतात आणि कुणाला विचारून सोडतात ते समजले नाही.

आम्ही तिला चौदा गुण दिले. निष्कर्ष नाही म्हणून. ठरावीक नमुन्यात नाही म्हणून.

ती आमच्याकडे आली नाही, भांडली नाही. गावाकडच्या मुली गुणांसाठी भांडत नाहीत. पुढे वह्या ठेवायची मुदत संपली आणि सगळ्या रद्दीत गेल्या. निवृत्तीनंतर एकदा आम्ही हिशेब केला. वर्षाला तीनशे धरा, नऊ वर्षांच्या सत्तावीसशे वह्या झाल्या. त्यांतल्या शंभर जरी तिच्यासारख्या असत्या, आम्ही तशा मागितल्या असत्या, तर आज या नदीच्या नऊ वर्षांच्या नोंदी आपल्या हातात असत्या. कुठल्याही मोठ्या विद्यापीठाकडे नसतील अशा. त्या आम्ही किलोवर घातल्या.

तेव्हा आमची सूचना लहान आहे. आठ घटक राहू द्यात, परीक्षा राहू द्या. फक्त क्षेत्रकार्य प्रत्येक महाविद्यालयाने एकाच जागेचे करावे. आपला ओढा, आपला बंधारा, आपले गायरान. एका वर्षाच्या मुलांनी वही संपवायची नाही, पुढच्या वर्षाच्या मुलांच्या हातात द्यायची. रसायनवाल्यांनी पाणी मोजावे, वाणिज्यच्या मुलांनी पाणीपट्टी आणि वीजबिल मांडावे, मराठीच्या मुलांनी म्हाताऱ्यांशी बोलून माशांची, डोहांची नावे उतरवावीत. तत्त्वज्ञानाची चार मुले असतील तर त्यांनी फक्त विचारत राहावे : कुणाला पेलते, कुणी ठरवले? आणि ती वही २६ जानेवारीच्या किंवा १ मेच्या ग्रामसभेत वाचावी. गुण शिक्षकांनी द्यावेत, प्रश्न गावाने विचारावेत. शिव्या बसतील. उसावर बोललात तर नक्की बसतील. 'मग लावायचं काय?' हेही कुणीतरी विचारील. निदान तेव्हा तो प्रश्न हसण्यावारी जाणार नाही, कारण उत्तराची गरज असलेली माणसे समोर बसलेली असतील.

यासाठी नवा विभाग नको, नवी इमारत नको. शिक्षकाला त्या कामाचे तास धरून द्यावेत, एवढा खर्च मात्र विद्यापीठाने सोसावा. तो सोसायची तयारी नसेल तर 'शाश्वत' हा शब्द फलकावरून उतरवावा.

पावसाळा संपला की बंधाऱ्यावर बरगे बसतील. आमचे गुडघे साथ देतील तोवर आम्ही दर रविवारी सकाळी तिथे जाऊन बसणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी यावे. येताना एक वही आणावी.